बशीतील खुशाली

उपाहारगृहातील खाणे आटोपते, लिंबाची फोड टाकलेल्या कोमट पाण्यात बोटे बुडवून होतात, आणि बडीशेपेच्या बशीबरोबर बिल येते. येथपर्यंतचा सर्व विधी सुशिक्षित कुटुंबांच्या चांगला अंगवळणी पडलेला असतो. पैसे दिले जातात, उरलेली मोड बशीतून परत येते, आणि मग मात्र घरातील कर्ता पुरुष किंचित गोंधळतो. बशीत दोन-तीन नाणी चकाकत असतात. ती उचलावीत तर कृपणता दिसेल काय? तशीच राहू द्यावीत तर ती पुरेशी होतील काय? वाढपी जवळच उभा असतो. आपले बशीकडे लक्ष नाही असे तो दाखवितो, आणि आपले त्याच्याकडे लक्ष नाही असे गृहस्थ दाखवितात. दोन भल्या माणसांनी एकमेकांची नजर चुकवावी असे प्रसंग रोजच्या व्यवहारात फार थोडे. त्यांपैकी हा एक आहे, आणि त्याचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही.

हा प्रसंग ठाणे, डोंबिवली व कल्याण या शहरांत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा येतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस कालांतराने चाकरमान्यांची वस्ती दाटत गेली. 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत 18 लाखांवर व कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत 12 लाखांवर माणसे मोजली गेली. ज्या घरांतून पती व पत्नी दोघेही सकाळची लोकल गाठतात, त्या घरांत रविवारी तरी चुलीला विश्रांती मिळावी हे न्याय्यच आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे किंवा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेनंतर जो लोटतो तो समुदाय पाहावा. प्रत्येक उपाहारगृहाच्या दारात माणसे ताटकळत असतात, आणि आत चार-पाच वाढपी दहांचे काम करीत असतात. अशा दिवशी बशीत काय राहते, यावर त्या माणसांच्या सणाचा गोडवा बराचसा अवलंबून असतो.

जेवण आणि नाणे यांचा संबंध महाराष्ट्रास नवा नाही. मात्र जुना संबंध उलट दिशेचा होता. श्राद्धाच्या किंवा व्रताच्या उद्यापनाच्या पंक्तीत यजमान वाढीत असे, आणि विड्यावर दक्षिणाही तोच ठेवीत असे. नाणे खाणाऱ्याच्या हाती पडे. उपाहारगृहात खाणारा यजमानाच्या जागी गेला आणि वाढणारा दक्षिणेचा अधिकारी झाला. तथापि जुन्या दक्षिणेतील एक गोष्ट या नव्या व्यवहारात सांडून गेली. दक्षिणा ही आधी वेगळी काढून ठेवलेली असे. ती अकरा रुपये असो की सव्वा रुपया असो, ती धुतलेली, मोजलेली आणि हातात घेऊन दिलेली असे. खर्च भागवून जे खुर्दा म्हणून उरले, ते दक्षिणा म्हणून पुढे सरकविण्याचे धाष्टर्य कोणी केले नसते.

भाषेतही या देण्याचे निरनिराळे प्रकार नीट वेगळे केलेले आहेत. फारसीतून आलेले बक्षीस, आनंदाच्या प्रसंगी द्यावयाची खुशाली, दिवाळीत टपालवाल्यास व झाडूवाल्यास मिळणारी पोस्त, आणि काम अडू नये म्हणून आधीच हातात सरकविलेली चिरीमिरी, असे चार शब्द चार अर्थांनी वापरले जातात. त्यांतील चिरीमिरीस कोणी प्रतिष्ठा देत नाही; कारण ती कामाच्या आधी येते आणि दुसऱ्याचा हक्क डावलून येते. उपाहारगृहात टेबल आधी मिळावे म्हणून दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीत कोंबलेली नोट ही याच जातीची. खुशाली मागून येते आणि कोणाचे काही हिरावीत नाही. ‘टिप’ हा इंग्रजी शब्द तत्पर सेवेसंबंधीच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांनी बनला अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते; परंतु ती मागाहून रचलेली आहे. हा शब्द मुळात इंग्लंडातील भामट्यांच्या गुप्त बोलीतला असून ‘हातात सरकविणे’ एवढाच त्याचा अर्थ होता. मराठीतील खुशाली हा शब्द त्याहून पुष्कळ खानदानी म्हटला पाहिजे.

आता नाण्यांकडे वळावे. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बशीत ठेवलेला आणा म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा होता, आणि घेणाऱ्यास त्यात काही विकत घेता येत होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले; तरी पावली आणि अधेली ही नावे लोकांच्या तोंडी पुष्कळ वर्षे टिकली. 30 जून 2011 रोजी पंचवीस पैशांचे व त्याखालचे नाणे चलनातून गेले, आणि पावली केवळ शब्दकोशात राहिली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अद्याप चालते. पण ते घेऊन बाजारात गेल्यास भाजीवाली हसते. अशा रीतीने नाण्याचे मोल उतरत गेले, परंतु बशीत ‘सुटे ठेवावे’ ही सवय मात्र तशीच राहिली. आजोबांनी ठेवलेला आणा हे देणे होते. नातवाने ठेवलेले दोन रुपये हे पुष्कळदा खिशाचे ओझे कमी करणे असते. हात तोच, बशी तीच. मधल्या काळात अर्थ पालटला आणि तो कोणाच्या ध्यानात आला नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. 180 रुपयांचा फराळ झाला. त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागून बिल 189 रुपये झाले. गृहस्थांनी दोनशे रुपये दिले आणि बशीतून अकरा रुपये परत आले. ते तसेच ठेवून गृहस्थ उठले. आता अकरा हा आकडा मंगल असला, तरी तो येथे कोणी योजिलेला नाही. करआकारणीच्या हिशेबातून तो आपोआप उरला आहे. बिल 199 झाले असते, तर त्याच वाढप्यास त्याच कामाबद्दल एक रुपया मिळाला असता. सेवेत उणे-अधिक काहीच झालेले नसता एकाच दिवशी एकास अकरा आणि दुसऱ्यास एक, हा न्याय कोणता? म्हणून पहिला शिष्टाचार असा की द्यावयाची रक्कम बिल येण्यापूर्वीच मनाशी ठरवावी, आणि बशीतील मोड कमी असल्यास खिशातून भर घालावी, जास्त असल्यास उरलेली निःसंकोचपणे उचलावी. बशीतील आपले पैसे उचलण्यात कोणताही कमीपणा नाही. कमीपणा मोजदाद न करता उठण्यात आहे.

दुसरा शिष्टाचार नाण्यांच्या निवडीचा. घरोघरी सुट्या पैशांची एक वाटी असते, आणि तीतील नाण्यांची वर्गवारी गृहिणी मोठ्या चातुर्याने करते. 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचे किमान भाडे 26 रुपये झाले; तेव्हा रुपया-दोन रुपयांची चांगली नाणी रिक्षासाठी राखून ठेवावी लागतात. झिजलेली, काळवंडलेली, अथवा दुकानदाराने परत केलेली नाणी तेवढी वाटीच्या तळाशी साचतात, आणि मग कोणी तरी म्हणतो, ‘हॉटेलात देऊन टाकू.’ या वाक्यातील ‘टाकू’ हे क्रियापद सर्व काही सांगून जाते. जे नाणे भाजीवालीने नाकारले, ते वाढप्याकडून कोण घेणार? दहा रुपयांच्या नाण्याची तर विशेषच विटंबना झाली. निरनिराळ्या छापांची नाणी पाहून काही दुकानदार ती खोटी समजू लागले. वस्तुतः 2018 साली रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे चौदाही छाप कायदेशीर असल्याचे जाहीर केलेले आहे, आणि 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास चालतात. तेव्हा दहाचे नाणे दुकानात निर्भयपणे द्यावे, आणि दुसऱ्याकडून आले तर घ्यावेही. ते केवळ वाढप्याच्याच वाट्यास यावे असे त्यात काही नाही. फाटकी नोट घडी घालून बशीखाली लपविणे हा तर उघड अपराध मानावा. कारण ती स्वच्छ नोटेच्या आशेने उचलली जाते.

तिसरा शिष्टाचार देण्याच्या रीतीचा. नाणी बडीशेपेत पुरून ठेवू नयेत, सांडलेल्या पाण्यात टाकू नयेत, आणि खरकट्या ताटलीत तर कधीच ठेवू नयेत. कोरड्या बशीत, एका जागी, मोठे नाणे वर येईल अशी ठेवावीत. शक्य असेल तेथे हातात द्यावीत व ‘भाऊ, हे तुमच्यासाठी’ इतके चार शब्द बोलावेत. हे शब्द फुकट असतात, पण त्यांच्यामुळे नाण्याची खुशाली होते. उलटपक्षी, वाढप्यास दिवसभर ‘ए’ म्हणून हाका मारावयाच्या आणि जाताना पन्नासाची नोट फेकावयाची, हा व्यवहार श्रीमंतीचा असेल, सभ्यतेचा नव्हे. टेबल पुसणाऱ्यास ‘पोऱ्या’ म्हणण्याची एक जुनी खोड आहे, तीही आता सुटावी. चौदा वर्षांखालील मुलास उपाहारगृहात कामास ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. म्हणून तेथे खरोखरच पोर असेल तर ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे. आणि मोठा माणूस असेल तर त्यास पोऱ्या म्हणण्याचे प्रयोजन नाही.

टेबल पुसणाऱ्याचा उल्लेख झाला, तेव्हा खुशाली कोणाची हाही प्रश्न येतो. ताट आणणारा दिसतो. ताटली घासणारा, डोशाच्या तव्यापुढे घामाघूम होणारा, आणि टेबल पुसणारा हे दिसत नाहीत. काही ठिकाणी गल्ल्याजवळ एक डबा ठेवलेला असतो आणि रात्री त्यातील रक्कम सर्वांत वाटली जाते. काही ठिकाणी ज्याचे टेबल त्याची खुशाली असा नियम असतो. ग्राहकाने एकदा सहज विचारून घ्यावे. विचारण्यात अनमान नाही, आणि उत्तर ऐकून आपले देणे योग्य जागी पोचते किंवा नाही हे कळते. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्राप्तिकराच्या खटल्यात असे स्पष्ट केले की, ग्राहकाने दिलेली टिप मालकामार्फत सेवकास मिळाली तरी ती मालकाने दिलेला पगार होत नाही. ती मालकाच्या हाती केवळ विश्वस्त म्हणून असते. हा विचार प्रत्येक गल्ल्यामागे कोरून ठेवण्यासारखा आहे.

याच्याच जोडीला ‘सेवा आकार’ येतो. मोठ्या भोजनगृहांतून बिलातच काही टक्के सेवा आकार लावण्याची रीत पडली. ग्राहक गोंधळला, कोणास तो सरकारी कर वाटला, कोणास ती सक्तीची टिप वाटली. 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असा आकार आपोआप लावू नये, आणि दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना ग्राह्य ठरविल्या. कायद्याची बाजू ग्राहकाकडे झुकली हे योग्यच झाले. परंतु तेवढ्याने ग्राहकाचे कर्तव्य संपले असे मात्र नाही. सक्तीचा आकार बिलातून काढून घ्यावयाचा आणि स्वखुशीने द्यावयाचे तेही द्यावयाचे नाही, असे केल्यास मालकाच्या लोभाचा दंड सेवकाने भरला असे होईल.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, पगार देणे मालकाचे काम. ग्राहकाने त्याचा भार का वाहावा? आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेत ही चाल इतकी वाढली की, टिप मिळविणाऱ्या नोकरास मालकाने द्यावयाचे तेथील संघराज्याचे किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच खिळून राहिले. बाकीची भर ग्राहकाच्या टिपेने पडावी अशी तेथे अपेक्षा. उलट जपानात टिप ठेवण्याची चालच नाही. तेथे नाणी टेबलावर राहिली तर ग्राहक ती विसरला असे समजून ती परत आणून देण्यासाठी वाढपी मागे धावत येतो. भारतातील 1948 च्या किमान वेतन कायद्यात टिपेची रक्कम वेतनातून वजा करण्याची सोय नव्हती, आणि हा दंडक चांगला होता. खुशाली ही पगारावरची साय राहावी. दुधाच्या जागी तिने येऊ नये. म्हणून जेथे वाढप्यास पगार नाही, केवळ टिपेवर ठेवले आहे असे कळेल, तेथे अधिक टिप ठेवून मालकास हातभार लावण्यापेक्षा दुसरे उपाहारगृह पाहणे शहाणपणाचे.

त्याचप्रमाणे सर्वत्र खुशाली दिलीच पाहिजे असेही नाही. ठाण्यात मिसळीच्या दुकानापुढे रांग लावून, दाटीवाटीने बसून, ताटली रिकामी होताच उठावयाचे असते. स्थानकाबाहेर वडापाव उभ्यानेच खावयाचा असतो. जेथे आपले ताट आपणच खिडकीतून आणावयाचे तेथे वाढलेच कोणी नाही. अशा ठिकाणी सुट्या पैशांनीच चोख किंमत देणे हीच खरी मदत, कारण गर्दीच्या वेळी दुकानदारास मोड हवी असते. महाविद्यालयातील चार मुले एक चहा दोघांत घेत असतील, तर त्यांच्याकडून कोणी नाण्याची अपेक्षा करीत नाही. त्यांनी कप उचलून एका बाजूस ठेवले आणि ‘थँक्यू दादा’ म्हटले तरी त्यांचे देणे फिटले. ज्याची ऐपत नाही त्याने लाजू नये, आणि ज्याची आहे त्याने बिल दोनदा तपासून शेवटी एक रुपया ठेवून जाऊ नये.

किती द्यावे, असा प्रश्न तरीही उरतोच. टक्केवारीचा बडेजाव मध्यम स्थितीतील कुटुंबास नको. एक मोजपट्टी अशी धरता येईल की, त्या नाण्यात घेणाऱ्याचे एखादे छोटे काम पुरे व्हावे. 2025 साली डोंबिवलीहून कल्याणचे दुसऱ्या वर्गाचे लोकलचे तिकीट पाच रुपयांचे होते. चौघांच्या कुटुंबाने तासभर बसून, दोनदा सांबार व तीनदा पाणी मागवून, मुलाने सांडलेले पुसून घेऊन, शेवटी त्या माणसाचे जाण्या-येण्याचे भाडेही सुटू नये हे बरे दिसत नाही. वीस रुपयांचे नाणे 2020 सालापासून चलनात आले आहे. अशा बैठकीस ते शोभून दिसते. सणाच्या दिवशी त्यावर आणखी एक ठेवावे.

सर्वांत मोठा बदल मात्र नाण्याच्या बाहेरच घडलेला आहे. 2016 साली यूपीआयची पद्धत सुरू झाली, आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्यावर लोकांचे हात भ्रमणध्वनीकडे वळले. आता गल्ल्यावरील चौकटीचे चित्र टिपले की 189 रुपये मालकाच्या खात्यात नेमके जमा होतात. मोड उरत नाही, बशी परत येत नाही, आणि ती नजर चुकविण्याची वेळही येत नाही. व्यवहार स्वच्छ झाला, यात संशय नाही. परंतु या स्वच्छतेत वाढप्याची जी नाणी गेली, ती कोणी ठरवून बंद केली नाहीत. मालकाने ती काढली नाहीत, ग्राहकाने नाकारली नाहीत. मोडीबरोबर ती वाहून गेली. यावरूनच पूर्वीच्या देण्याची परीक्षा होते. जे खरोखर दिले जात होते, ते पैसे मोजण्याची रीत बदलल्याने थांबावयास नको होते. थांबले, याचा अर्थ पुष्कळांच्या हातून ते दिले जातच नव्हते. ते नुसते उरत होते.

यावर उपाय कठीण नाही. घरातील सुट्या पैशांच्या वाटीतून दहा-वीसची चार चांगली नाणी एका लहान बटव्यात वेगळी काढावीत, आणि बाहेर जेवावयास निघताना किल्ल्यांबरोबर तो बटवा उचलावा. बिल भ्रमणध्वनीने द्यावे, खुशाली हाताने द्यावी. ती देण्याचे काम मधूनमधून घरातील मुलांकडे सोपवावे. मुलाने नाणे हातात ठेवून ‘काका, डोसा छान होता’ असे म्हटले, तर सेवा करणारा माणूस हा आपल्यासारखाच दिवसभर राबून रात्री घरी पैसे पाठविणारा माणूस आहे, हे त्यास कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून कळेल. आणि वाढप्यासही बशीकडे चोरून पाहण्याचे कारण उरणार नाही. त्यास त्या मुलाच्या तोंडाकडे पाहता येईल.